खाजेवर घरचा उतारा आहे. पण आधी खाज ओळखा

ताप आला तर माणूस घरात सांगतो. दाढ दुखली तर चार घरं फिरून लवंग मागतो. खाज सुटली तर मात्र कुणी बोलत नाही. जांघेत खाजतंय, बोटांच्या बेचक्यात खाजतंय, हे सांगायचं कुणाला आणि कसं? मग गडी गुपचूप खाजवत बसतो. बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या दुकानात जाऊन हळूच म्हणतो, "एक खाजेची ट्यूब द्या." बायाबापड्या तर तेही करत नाहीत. महिना-दीड महिना असाच जातो आणि तोवर एकाची खाज घरातल्या चौघांना लागलेली असते.

वाचकहो, खाज हा काही एकच आजार नाही. थंडीची खाज वेगळी, घामाची वेगळी, रानातल्या गवताची वेगळी, खरजेची वेगळी आणि नायट्याची वेगळी. आपल्या आजीच्या बटव्यातले उपाय खोटे नाहीत. खोबरेल तेल, कडुनिंब, चंदन, कोरफड यांनी खाज शमते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. घोटाळा होतो तो खाज एक आणि उपाय दुसराच केल्यानं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून डबी उघडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. खाज रात्री अंथरुणात वाढते का? घरात आणखी कुणाला खाजतंय का? खाजतं तिथं गोल चट्टा किंवा पुरळ आहे, की कातडी नुसतीच कोरडी आहे? आणि खाज सुटण्याआधी गवत, फवारा, नवा साबण अशा कशाला हात लागला होता का? या चार उत्तरांत बहुतेक खाजेचा पत्ता लागतो.

कुठल्याही खाजेला चालेल असं

आधी सगळ्यांना उपयोगी पडतील अशा गोष्टी. गार पाण्यात सुती फडकं भिजवून, पिळून, खाजतं तिथं दहा मिनिटं ठेवा. गारव्यानं खाज बसते, यासारखा स्वस्त उपाय नाही. नखं कापा. लहान पोरांची तर आठवड्याला कापाच. खाजवल्यानं घडीभर बरं वाटतं, पण कातडी सोलते, जाड होते आणि मग आणखी खाजते. राहवलंच नाही तर तळहातानं दाबा, नख लावू नका.

कडुनिंबाचा दोन मुठी पाला भांडंभर पाण्यात उकळा, कोमट होऊ द्या आणि ते पाणी आंघोळीच्या शेवटी अंगावर घ्या. कोरफडीचं पान कापल्यावर आधी जो पिवळट चीक येतो तो निथळू द्या, पान धुवा आणि आतला पारदर्शक गरच तेवढा लावा. तो चीक राहिला तर त्यानंच खाज सुटते. यातला कुठलाही लेप पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून एक दिवस वाट पाहा. झाडपाल्याचं आहे म्हणून कुणालाच बाधत नाही, असं नसतं.

थंडीतली कोरडी खाज

थंडी पडली की पिंढऱ्या, हात, पाठ खाजू लागते. नखानं ओढलं की पांढरी रेघ उठते. म्हाताऱ्या माणसांना हा त्रास जास्त. कारण साधं आहे. कातडीचं स्वतःचं तेल तिच्यातला ओलावा धरून ठेवतं. वयानं ते कमी होतं आणि उरलंसुरलं आपण कढत पाण्यानं व साबणानं धुऊन काढतो.

इथं घरचा उपाय पुरेसा आहे. बंबातलं पाणी कढत न घेता कोमट घ्या आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका. साबण काखेत, जांघेत आणि पायाला लावा, सर्वांगाला रोज नको. अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळा. तासाभरानं कोरड्या अंगावर चोळलेल्या तेलापेक्षा हे तेल जास्त काम करतं, कारण ते पाणी आत कोंडून ठेवतं. कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, लावतात. तेही उत्तम. डाळीचं पीठ लावायचं तर साय घालून लावा. नुसतं कोरडं पीठ अंगातलं उरलंसुरलं तेलही ओढून घेतं. लोकरीचा स्वेटर थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती सदरा घाला.

दोन-तीन आठवडे एवढं करूनही सर्वांग खाजतच राहिलं आणि अंगावर पुरळ मात्र काहीच नसलं, तर रक्त-लघवी तपासून घ्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कावीळ, थायरॉइडचा दोष हेही कधी कधी खाजेच्या रूपानं दार ठोठावतात.

घामोळ्या आणि चिखल्या

उन्हाळ्यात घामाची छिद्रं बुजली की घामोळ्या उठतात. इथं तेल लावू नका आणि पावडरीचे थरही थापू नका, दोन्हींनी छिद्रं आणखी बुजतात. सावली, वारा, सैल सुती कपडे, गार पाण्याची आंघोळ आणि वाटलं तर उगाळलेलं चंदन, एवढ्यानं काम भागतं. तान्ह्या बाळाला भर उन्हाळ्यात दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची हौस मात्र आवरा.

पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, आग करतात. याच त्या चिखल्या. शेतात उतरण्याआधी बेचक्यांत तेल चोळलं तर पाणी थोडं कमी मुरतं. घरी आल्यावर पाय धुवा आणि जुन्या सुती धडप्यानं एकेक बेचकी कोरडी करा. हे एवढंच खरं औषध आहे. मेंदी लावण्याची जुनी रीत चालेल, पण ती झाडाच्या पानांची हवी. बाजारातल्या काळ्या मेंदीत रसायन मिसळलेलं असतं, त्यानं फोड येतात. बेचकीला वास येऊ लागला, खाज वाढली, तर तिथं बुरशी धरली असं समजा आणि दवाखान्यातून मलम घ्या. मधुमेह असलेल्यानं चिखल्यांवर घरी प्रयोग करू नयेत. त्याची छोटी चीरही चिघळून पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

रानातून घरी आलेली खाज

खाजकुयलीच्या शेंगेवर सोनेरी-तपकिरी लव असते. तिचा नुसता झटका लागला तरी माणूस नाचू लागतो. अशा वेळी चोळलं की लव आणखी रुतते. आधी कणकेचा ओलसर गोळा अंगावर हलकेच दाबून दाबून उचला किंवा चिकटपट्टी लावून ओढा. म्हणजे लव निघून येते. मग साबणानं धुवा, गार फडकं ठेवा, कपडे वेगळे धुवा. शेण फासण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती सोडा. खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आवतण.

अळू, सुरण चिरताना हात खाजतात ते त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. हाताला तेल लावून चिरा. तरीही खाज सुटली तर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यानं हात धुण्याची रीत आहे.

खरा छळवादी आहे तो गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज बांधाबांधावर आहे. त्याची खाज ओळखायची खूण अशी, की पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणी लाल होतात, खाजतात, पुढं कातडी काळवंडून जाड होते. गवताला हात लावलाच पाहिजे असं नाही. वाळलेल्या झाडाची भुकटी वाऱ्यावर येऊनही त्रास देते. आधी हंगामापुरती असलेली ही खाज पुढं बारमाही होते. रानातून आल्यावर लगेच अंग धुणं, कपडे बदलणं, गार फडकं, खोबरेल तेल, यांनी आराम पडतो. खरा उपाय मात्र बांधावरच करावा लागतो. पावसानं माती ओली असताना, फुलं येण्याआधी गवत मुळासकट उपटा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. ज्याला त्याची बाधा होते त्यानं या कामाला जाऊच नये. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं, म्हणजे तरोट्याचं बी फेका. पावसाळ्यात टाकळा दाट उगवतो आणि गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. आयुर्वेदात याच टाकळ्याला दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा, असं नाव आहे. बांधावरचा टाकळा कोवळा असताना भाजीलाही होतो, हा आणखी एक फायदा.

फवारणीनंतर अंग खाजलं, आग झाली, तर मात्र तेल, तूप, हळद काही लावू नका. कपडे तिथंच काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं अंग धुवा. सोबत मळमळ, चक्कर, अंधारी असेल तर औषधाची बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

खरूज : एकाचं औषध म्हणजे कुणाचंच नाही

आता ज्या खाजेला घरचा उपाय पुरा पडत नाही, ती पाहू. दिवसा बरं असतं आणि रात्री गोधडीत शिरलं की खाज उसळते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, कंबर, जांघ इथं बारीक पुटकुळ्या. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर आणि तळव्यांवरसुद्धा. घरात दोघा-तिघांना तेच. ही खरूज. डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, त्याची ही खाज. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे घरात एकाला खाज दिसते तेव्हा बाकीच्यांत किडा आधीच शिरलेला असू शकतो.

एका अंथरुणात चार जण झोपणारी घरं, आश्रमशाळा, वसतिगृहं, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, इथं खरूज झपाट्यानं पसरते. तिचा अस्वच्छपणाशी किंवा चारित्र्याशी काही संबंध नाही. अंगाला अंग लागलं की ती येते, मग घर वाड्यातलं असो की पालातलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१७ साली खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. लाज धरून लपवल्यानंच ती जास्त पसरते.

करंजाचं तेल, कडुनिंबाचं पाणी यांनी खाज थोडी निवते, आणि इथंच फसगत होते. खाज कमी झाली म्हणजे किडा मेला असं नाही. खरजेवर पाच टक्के पर्मेथ्रिनचं मलम येतं. डॉक्टरांना दाखवून ते घ्या. गंधकाचं मलमही जुनं आणि उपयोगी आहे. ते कसं लावायचं, ते नीट लक्षात ठेवा, कारण औषध बरोबर असूनही लावणं चुकतं आणि मग लोक औषधाला दोष देतात.

घरातल्या सगळ्यांनी, खाजत असो वा नसो, एकाच रात्री लावायचं. जिथं खाजतं तिथंच लावून भागत नाही. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, सगळीकडं लावायचं. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ करायची. मध्ये हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. सात दिवसांनी सगळं पुन्हा एकदा. तान्हं मूल आणि गरोदर बाई यांच्यासाठी डॉक्टर सांगतील तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गोधडी, वाकळ धुणं जमत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडं सहसा जगत नाही.

एवढं केल्यावरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. या काळात खोबरेल तेल आणि गार फडकं हा घरचा उतारा फार उपयोगी पडतो. रोज रोज औषध चोपडत मात्र बसू नका.

खरजेकडं दुर्लक्ष केलं तर काय होतं? खाजवून झालेल्या जखमांत पू होतो. त्या जंतूंमुळं काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. पोराचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं, लघवी लालसर किंवा चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. साध्या खाजेतून गोष्ट इथवर जाते, म्हणून एवढं विस्तारानं सांगितलं.

नायटा आणि दुकानातली ट्यूब

गोल चट्टा, कडा उठलेली आणि लाल, मधला भाग बरा होत आल्यासारखा, जांघेत, कमरेला, काखेत. हा नायटा, काही ठिकाणी याला गजकर्ण म्हणतात. ही बुरशी आहे. ओल आणि घाम हे तिचं खत. म्हणून पहिला उपाय कोरडं राहण्याचा. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका. घट्ट जीन्स आणि नायलॉन बाजूला ठेवा. आतले कपडे उलटे करून उन्हात वाळवा, जमल्यास इस्त्री फिरवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

टाकळ्याचं बी ताकात वाटून नायट्यावर लावण्याची जुनी रीत आहे. नाण्याएवढ्या नव्या चट्ट्यावर पाच-सहा दिवस करून पाहायला हरकत नाही. चट्टा वाढला किंवा दुसरा उठला की थांबा. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा चिवट झाला आहे. पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा आता दोन दोन महिने हलत नाही.

त्याला एक मोठं कारण म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. अशा पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण स्टेरॉइडनं कातडीची लढण्याची ताकदच कमी होते. बुरशी आत वाढत राहते आणि ट्यूब बंद केली की दुप्पट पसरते. मग पुन्हा ट्यूब. पुढं जांघेत कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे चिरल्यासारखे पट्टे उठतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा. केंद्र सरकारनं २०१८ साली स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण राखण आपली आपणच करायची.

तेव्हा ट्यूब हातात घेतली की तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर नायट्याला ती ट्यूब नको. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते सांगतील तितके दिवस लावा. लोक खाज थांबली की औषध थांबवतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्या पानावर येतात.

हे लावूच नका

बिब्बा, रॉकेल, फिनाईल, चुना, कच्चा लसूण यांनी कातडी भाजते. खाज थांबल्यासारखी वाटते ती आगीमुळं. पिकावरचं कीटकनाशक खरजेला किंवा उवांना लावणं जिवावर बेततं. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात कधीही देऊ नका, ते विषारी ठरतं. हळद जखमेवर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या लावतात. अमेरिकेनं १९९५ साली त्यावर दिलेलं पेटंट आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं पुरावे देऊन लढवलं आणि ते १९९७ साली रद्द झालं. त्या वेळी परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. हळदीचा हा मान खराच आहे, पण तिनं खरजेचा किडा मरेल या भरवशावर राहू नका.

दवाखाना कधी गाठायचा

खाजेनं रात्रीची झोप उडाली, घरात दुसऱ्याला लागण झाली, पू झाला, ताप आला, डोळ्यांभोवती किंवा गुप्तांगावर चट्टे उठले, दोन आठवडे घरचे उपाय करून फरक नाही, यांतलं एक जरी असलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर बाईमाणूस हवी असेल तर आशाताईंना विचारा, कोणत्या दिवशी कुठं भेटतील ते त्या सांगतील. आधी वापरलेली ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

आणि शेवटी एक उलटी गोष्ट. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, तिथं टोचलेलं कळत नाही. असा चट्टा त्रास देत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याच्याकडं बघतही नाहीत. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत आजार पूर्ण बरा होतो, आणि वेळेवर घेतलं तर हातापायांना व्यंग येत नाही. आज आंघोळ झाल्यावर घरातल्या प्रत्येकाची पाठ उजेडात एकदा बघून घ्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्यानंच बघावी लागते.